डाव्या हाताचा रकाना

ये गो मृणाल, अशी जवळ येऊन बस. तू समोर बसली आहेस असं धरूनच लिहिणार आहे मी, नाहीतर मला एक ओळ सुचायची नाही. आणि आधी थोडं ऐकून घे. सहा वर्षांत तुझे फोन किती आले गो? गणपतीत एक, दिवाळीत एक, तेही चालता चालता, मागे गाड्यांचे हॉर्न. परवा मात्र चांगली अर्धा तास बोललीस, आणि ते कशासाठी, तर सर गेले हे सांगायला. माणूस गेल्याचं सांगितलंस आणि त्याच दमात म्हणालीस, "काकी, आम्ही सगळे विद्यार्थी मिळून पुस्तिका काढतोय, तुम्ही चार ओळी लिहा, एखादी छान आठवण." मी जेवले का, एवढं तरी विचारायचंस!

चार ओळींत सर मावत नाहीत. शिवाय मी चौथी शिकलेली बाई. पुढचं वाचायला शिकले ते गावच्या वाचनालयात, आणि थोडंफार तुम्ही आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, विसरून जायचात त्या वह्यांतून. मी बोलते तशी लिहिते. छापायचं की नाही ते तू ठरव, पण वाचायचं मात्र सगळं. कारण माझ्या शब्दावर विसंबून माझी जाऊ शेवंती तुमच्यापुढे बोलली आणि कामाला मुकली. ते बाजूला ठेवून मला सरांबद्दल एक अक्षर लिहिता येत नाही.

तुझ्या पुस्तिकेतल्या परक्या माणसांसाठी पहिल्यापासून सांगते.

आचऱ्याच्या अलीकडे काजूचा कारखाना आहे. मी तिथे गर निवडायच्या खोलीत होते, शेवंती फोडणीवर, म्हणजे बिया फोडायला. आजगावकर सर विद्यापीठात शिकवायचे. काम करणाऱ्या माणसाला कामामुळे काय काय होतं, त्याचा अभ्यास. डॉक्टरकी, यंत्रं, कायदा, समाज, हवेतली धूळ अशा निरनिराळ्या विषयांत पीएचडी करणारी पाच-सहा मुलं ते दरवर्षी थंडीत पंधरा दिवस घेऊन यायचे. राहायची सोय माझ्याकडे. ओटीवर मुलगे, माजघरात मुली, आणि सर पडवीत एका बाकड्यावर, उशाला पिशवी. गादी दिली की म्हणायचे, "गादयेर माका झोप लागणा नाय, काकी. मगे दिवसा वर्गात लागता."

आणि लागायचीच. बोलता बोलता दोन मिनिटं डोळे मिटायचे, मग वाक्य सोडलं होतं तिथून पुढे सुरू. नवीन मुलं घाबरून एकमेकांकडे बघायची. जुनी मुलं तेवढ्यात चहा पिऊन घ्यायची.

माणूस आमच्याच जिल्ह्यातला, सावंतवाडीकडचा. कारखान्याच्या कचेरीत पुस्तकातलं मराठी बोलायचे, पण एकदा का खळ्यात पाय ठेवला की मालवणी. विद्यापीठात शाकाहारी म्हणून प्रसिद्ध, आणि इथे आल्या आल्या, "काकी, बांगडे गावले काय?" असं दारातूनच. कोणी नवीन भेटलं की आधी त्याच्या हातांकडे बघायचे, तोंडाकडे मागाहून. एकदा आमच्या गुरवाला म्हणाले, "तुझो अंगठो सुजलो हा, घंटेची दोरी बदल." गुरव बिचारा नमस्कार करायला हात जोडून उभा होता.

त्यांचे दोन नियम होते. पहिल्या दिवशी कोणी पेन बाहेर काढायचं नाही. आणि रोज दिवेलागणीला वह्यांची अदलाबदल करायची. डॉक्टर मुलाने इंजिनेराची वही वाचून दाखवायची, कायद्याच्या मुलीने डॉक्टरची. आपली वही आपण वाचायची नाही. तुम्ही किती कुरकुरायचात! "सर, ह्याचं अक्षर लागत नाही." सर म्हणायचे, "अक्षर लागणा नाय ता बरा. मगे इचारशीत तरी."

तू आलीस त्या वर्षीचा पहिला दिवस मला लख्ख आठवतो. पेन नाही, म्हणून सरांनी तुम्हाला फोडणीला बसवलं. काजूची बी वाफवून, सुकवून येते. ती डाव्या हाताने कातरीच्या पात्यांत धरायची, पायाने दाबायचं आणि उजव्या हाताने दांडा ओढायचा. बी फुटते तेव्हा कवचातलं तेल बोटांवर येतं, ते कातडी जाळतं. आमच्या बायकांची डाव्या हाताची बोटं बघितलीस ना, जळक्या वातीसारखी. हातमोजे देतात, पण मोज्यात बी निसटते आणि काम वजनावर, मग मोजे जातात खिळ्याला. तुमचा तो उंच डॉक्टर मुलगा ऐटीत बसला. तासाभरात एक पेलाभर बिया, त्यातल्या अर्ध्या चुरा, आणि बोटं फुंकत उठला.

शेजारची पार्वती म्हणाली, "काय रे डॉक्टरा, औषध काय लावतलंस?"

तो म्हणाला, "मावशी, तुम्ही काय लावता?"

"आमी? आमी दुसऱ्या दिवशी परत कामाक लागतंव."

अख्खी खोली हसली. सर कोपऱ्यात उभे राहून हसत होते, पण मग त्या मुलाजवळ जाऊन हळूच म्हणाले, "हां झालो तुझो पयलो धडो. आता पेन काढलंस तरी चलात." माझ्यादेखत त्या मुलाचे डोळे भरून आले. असे होते सर. चांगले होते, हे मी नाकारत नाही. तेच तर दुखतं.

आता चमच्याचं सांगते. ते तुम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे, तरी माझ्याकडून एकदा ऐका.

शेवंती डावरी. लहानपणी आईने चिमटे काढून जेवण उजव्या हातावर आणलं, पण जोराचं काम डाव्यानेच. त्यामुळे कातरीवर ती सगळ्यांच्या उलटी. बी उजव्या हाताने धरायची आणि दांड्याकडे डावा हात अंगावरून आडवा नेऊन ओढायची. सगळ्या बायकांचा डावा हात जळलेला, हिचा उजवा. म्हणजे जेवायचाच हात. कालवणात बोटं घातली की तिखट असं झोंबायचं की तिच्या डोळ्यांना पाणी. म्हणून ती घरात चमच्याने जेवायला लागली. आणि आमच्या घरात चमच्याने बांगड्याचं कालवण म्हणजे काय विचारता! भावोजी म्हणायचे, "आमची मडम इली." मीही म्हटलंय. लाज वाटते, पण म्हटलंय.

पाचव्या दिवशी वह्या बदलल्या. डॉक्टर मुलाच्या वहीत होतं, एका बाईचा उजवा हात भाजलेला, कारण कळत नाही. तू इंजिनेर, तुझ्या वहीत होतं, एक बाई दांडा उलट्या हाताने ओढते, खांद्यावर ताण. आणि तिसऱ्या वहीत, ती समाजशास्त्रवाली मुलगी कोल्हापूरची, तिने लिहिलं होतं, घरातली एक बाई वेगळी बसून चमच्याने जेवते, घरात तिचा मान कमी असावा. सरांनी तिन्ही वह्या वाचून घेतल्या आणि डोळे मिटले. आम्हाला वाटलं झोप लागली. मग डोळे उघडून म्हणाले, "ह्यो बायो तीन आसत, का एक?"

मग तूच म्हणालीस, "एकच आहे सर. शेवंतीकाकी."

"मगे तिका तीन वह्यांत कित्याक कापलास? डॉक्टराक कातडी दिसली, इंजिनेराक दांडो दिसलो, हिका चमचो दिसलो. बाई कोणाकच दिसाक नाय." आणि शेवंतीकडे वळून, हात जोडून, "चुकला आमचा, वयनी."

दुसऱ्या दिवशी तू बसून आराखडा काढलास, दांडा डावीकडे घ्यायचा आणि बी बोटांनी न धरता उजव्या हातातल्या चिमट्याने धरायची. गावच्या लोहाराने तीन दिवसांत करून दिला. शेवंतीचा उजवा हात महिन्याभरात उजळायला लागला. ती पहिल्यांदा बोटांनी भात कालवून जेवली तेव्हा भावोजींनी आपल्या ताटातली तळलेली तुकडी उचलून तिच्या ताटात ठेवली. आमच्या भावोजींना ओळखणाऱ्याला कळेल ते केवढं झालं.

तो दांडा आला त्या दिवसापासूनच शेवंतीचा तुमच्यावर विश्वास बसला होता. आणि माझा तर आधीच होता.

सरांची आणखी एक रीत होती. तुम्ही जे काही लिहाल ते निघायच्या आदल्या दिवशी दुपारी माझ्या खळ्यात बायकांना वाचून दाखवायचं, आमच्या भाषेत, आणि बायका सांगतील ते बदलायचं. "आधी खळ्यात, मगे विद्यापीठात," असं म्हणायचे. एका वर्षी एका मुलाने वाचलं, "महिला कामगारांमध्ये धोक्याविषयी जाणीव कमी आढळली." पार्वती चटकन उठून उभी राहिली. "हात माझो जळता आणि जाणीव तुझी जास्त? हयसर ये बघया, धर बी!" सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्या मुलाकडून ते वाक्य खोडून घेतलं आणि पार्वतीला विचारलं, "मगे काय लिवचा ता तू सांग." तिने सांगितलं, "लिव, बायकांका सगळा कळता, पण इचारणारो कोण नाय." तसंच लिहिलं त्याने.

तुमच्या वर्षीच्या त्या दुपारची गोष्ट सांगते आता. त्याच्या दोन दिवस आधी शेवंती माझ्याकडे आली होती. फोडणीच्या खोलीत तिची जागा खिडकीशी, आणि समोर वाफेचा कुकर. त्या कुकरावर वाफ जास्त झाली की आपोआप उघडणारी झडप असते. ती झडप सारखी उघडायची आणि काम अडायचं, म्हणून मुकादमाने ती तारेने घट्ट बांधून टाकली होती. शेवंती रोज ती तार बघायची.

"सांगू काय गो वयनी ह्या पोरांका?" तिने मला विचारलं. "मॅनेजराक कळला तर माका ठेवचे नाय."

मी काय सांगितलं? मी म्हटलं, "सांग. सर आपलो माणूस आसा. तुझा नाव भायर पडाचा नाय, माझो शब्द."

माझा शब्द. सरांच्या जिवावर दिलेला.

तिने कायद्याच्या मुलीला सांगितलं. त्या मुलीने फार जपून लिहिलं. नाव नाही, गाव नाही, फक्त आकडा, कामगार क्रमांक सतरा. आणि तुझा तक्ता वेगळा, त्यात वय, किती वर्षं कामाला, कुठल्या खोलीत, आणि शेवटचा रकाना, कामाचा हात डावा की उजवा. तुला दांडे करायचे होते, तुला तो रकाना हवाच होता. तुझ्याही तक्त्यात नाव नाही, क्रमांकच. पण तुम्ही सगळ्यांनी एकमेकांचं जुळावं म्हणून क्रमांक सारखेच ठेवले होते, तेच तर सर शिकवत होते. वाचताना तू सतराव्या ओळीला आलीस आणि म्हणालीस, "डावा."

शेवंती सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हणाली, "गो चेडवा, अख्ख्या कारखान्यात डावरी मी एकटी. त्या वकिलणीच्या कागदात सतरा, तुझ्या कागदात सतरा. मगे माझा नावच घाल, तेवढी तरी शोभा येयत."

तुझं तोंड पांढरं पडलं. मला आठवतंय, तू तो कागद छातीशी धरलास. सरांनी तो तुझ्या हातातून घेतला, लाल पेनने तो सबंध रकाना वरपासून खालपर्यंत खोडला आणि खळ्यात सगळ्यांना दाखवला. "ह्यो रकानो हयच मेलो. शेवंतीवयनी, ह्यो माझो शब्द." आणि तुम्हा मुलांना म्हणाले, "बघलास? तुमचो एकेकाचो कागद साधो. दोन जवळ ठेवले की माणूस उघडो पडता. असला काय पुस्तकात नसता, ता हिच्याकडसून शिका."

आम्ही त्या दिवशी खीर केली होती. शेवंतीने सरांना दुसऱ्यांदा वाढली.

मग तुम्ही गेलात. काजूचा हंगाम सुरू झाला. चैत्रात एका सकाळी मॅनेजरने शेवंतीला केबिनमध्ये बोलावलं, आणि जाऊ म्हणून मलाही. टेबलावर टाईप केलेले कागद. मी गर निवडणारी बाई, माझी नजर उलट्या अक्षरांवरही चालते. सतरावी ओळ, आणि शेवटच्या रकान्यात, डावा. त्याला चिकटवून ठेवलेला दुसरा कागद, झडपेचा.

मॅनेजर तसा सभ्य माणूस. म्हणाला, "शेवंतीबाई, तुम्हाला काही अडचण होती तर आम्हाला सांगायचं. बाहेरच्यांना कशाला? उद्यापासून येऊ नका."

शेवंतीने त्या कागदाकडे पाहिलं. बाहेर आल्यावर गेटात म्हणाली, "त्या चेडवाचो रकानो तो. तिनाच दिल्यान." कागद तूच दिलास असं तिला वाटलं.

मी सरांना फोन केला. फोनवर ते म्हणाले, मी येतो. चार दिवसांनी कुडाळच्या एसटी स्टँडवर बाकावर मी त्यांची वाट बघत बसले. मालवणची गाडी लागलेली होती. सर आले, बसले, आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "हे बघा काकी, परिस्थिती थोडी गुंतागुंतीची होती."

मृणाल, मला तिथेच कळलं. अकरा वर्षांत माझ्याशी हा माणूस कधी कचेरीतलं मराठी बोलला नव्हता.

मी म्हटलं, "सर, कागद कोणी दिलो?"

"कारखान्याच्या शेठजींनी अट घातली होती. पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांना कारखान्यात सोडायचं असेल तर मूळ माहिती आधी त्यांना दाखवायची. संपूर्ण, खाडाखोड न केलेली. मी विश्वासावर दिली."

"खोडलेलो रकानो परत टायप कोणी केलो?"

गाडीचा कंडक्टर ओरडत होता, मालवण, मालवण. मग सर म्हणाले, "मी."

"मृणालीक म्हायत आसा?"

"नाही. कोणालाच नाही." आणि मग घाईघाईने, "पण काकी, झडप बदलली त्यांनी. आठवड्याभरात नवीन बसवली. तिथे चाळीस माणसं काम करतात, त्यांचा धोका टळला. आणि हे प्रशिक्षण बंद पडलं असतं तर किती मुलं..." आणि बोटांवर मोजू लागले, ह्या मुलाने पुढे हे केलं, त्या मुलीने ते केलं.

सगळं खरं होतं. झडप बदलली होती, मी स्वतः पाहिली. मुलंही चांगली निघाली, तूच बघ. पण मी त्यांना एवढंच विचारलं, "सर, चाळीस माणसांत शेवंती धरलास की नाय?"

गाडी सुटायला आली म्हणून मी उठले. ते तिकिटासाठी खिशात हात घालू लागले, मी म्हटलं, "रवांदे."

त्यानंतर त्यांचे वर्ग दुसऱ्या गावाला उतरायला लागले. शेवंतीला कुठल्या कारखान्याने घेतलं नाही, बोलणारी बाई म्हणून तिचं नाव झालं होतं. ती आता आमसुलं करते, सुकी मासळी विकते. डावीकडचा तो दांडा कारखान्यात पडून गंजला, तो दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचा नव्हता.

आणि एक दिवस माझ्या भाच्याने मोबाईलवर दाखवलं. मोठं सभागृह, मागे पडदा, सर कोट घालून उभे. चमच्याची गोष्ट सांगत होते. "ह्यो बायो तीन आसत, का एक?" हे त्यांनी मालवणीतच म्हटलं आणि मग इंग्रजीत सांगितलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. किती छान सांगतात! मी दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा भाच्याला म्हटलं, बंद कर रे तो.

आपल्या माणसाने फसवलं की राग यायला फार वेळ लागतो गो. आधी आपण त्याच्यासाठी कारणं शोधत बसतो. मी वर्षभर शोधली. वरून दडपण असेल, म्हातारपण असेल, मुलांची काळजी असेल. मग एक दिवस तांदूळ निवडताना एकदम आलं मनात की त्यांनी तो रकाना पुन्हा टाईप केला. हातचूक नव्हती ती. एकेक ओळ, एकेक बाई. सतराव्या ओळीला त्यांची बोटं थांबली असतील का? थांबली असतील, तर ते आणखी वाईट.

सर शेवटचे दिसले ते गेल्या वैशाखात. दुपारची वेळ, मी खळ्यात आमसुलं उलटत होते, शेवंती आत मासळीची पाटी बांधत होती. दगडी गडग्यापलीकडे रिक्षा थांबली. सर उतरले. खूप वाळले होते, शर्ट अंगावर टांगल्यासारखा. हातात पिशवी नव्हती, फाईल नव्हती, मुलं नव्हती. पायरीच्या अलीकडे उभे राहिले.

"काकी," म्हणाले, "शेवंतीवयनी आसा? तिका सांगाचा हा माका. माझ्याच तोंडान."

मालवणीत बोलले. इतक्या वर्षांनी.

आतून शेवंती ओरडली, "कोण गो इला?"

आमच्याकडे दारात परका माणूस आला तरी आधी येवा म्हणतात, बसा म्हणतात, गुळाचा खडा आणि पाणी देतात. माझ्या सासूने मरणाच्या अंथरुणावरून पोस्टमनला येवा म्हटलं होतं. मी सरांकडे बघितलं आणि आत सांगितलं, "कोण नाय. वाट चुकलेलो कोण तरी."

सर ऐकत होते. जरा वेळ उन्हात तसेच उभे राहिले, मग वळले. रिक्षा निघून गेली होती, म्हणून चालतच निघाले, गडग्याला एक हात लावत लावत, थकलेली माणसं चालतात तसे. वळणावर फणस आहे तिथे सावलीत टेकले. मला दिसत होते. मी पाण्याचा तांब्या भरला होता. तो हातात घेऊन उभी राहिले, आणि गेले नाही. थोड्या वेळाने बघितलं तर फणसाखाली कोणी नव्हतं.

तुला वाटेल, काकीने बरं केलं, फसवणाऱ्याला दारात उभं केलं नाही. मलाही दोन दिवस तसंच वाटलं. पण ते खरं नाही गो. खरं सांगायला मला हे एवढं सगळं लिहावं लागलं.

कुडाळहून मी परत आले त्या संध्याकाळी शेवंतीने विचारलं होतं, "काय म्हणाले सर?" आणि मी म्हटलं, "सरांक काय म्हायत नाय. त्या चेडवाकडसूनच गेलो आसतलो कागद." तिला मीच बोलायला लावलं होतं, सर आपलो माणूस आसा म्हणून. तोच माणूस तसा निघाला हे तिला कुठल्या तोंडाने सांगू? तू लांब होतीस, तरुण होतीस, तुला काय फरक पडतो, असं वाटलं मला. तुझ्यावर ढकललं. आणि सर खरं सांगायला दारात आले तेव्हा मी त्यांना परत पाठवलं, कारण त्यांच्या खऱ्याबरोबर माझं खोटं बाहेर आलं असतं.

मागे तू एकदा पेढे घेऊन आली होतीस, प्रबंध पुरा झाला म्हणून. शेवंती बाहेर आली नाही. तिचं डोकं दुखतंय असं मी सांगितलं. तिचं डोकं दुखत नव्हतं. ती दाराआड उभी होती आणि तू परत जाईपर्यंत हलली नाही. तू अंगणातून दोनदा मागे वळून बघितलंस. त्यानंतर तू आलीच नाहीस, आणि मी तुलाच रागावते, सहा वर्षांत फोन किती केलेस म्हणून! बघ मी कशी आहे.

सर गेल्याचं शेवंतीला मी अजून सांगितलेलं नाही. ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागेल, आणि एकटीने माझ्याने व्हायचं नाही. तू शेजारी बसलीस तर जमेल. तुझ्यासमोरच सांगायला हवं ते, कारण नाव तुझं खराब झालं. ती मला काय बोलायचं ते बोलेल, बोलू दे. तुला मात्र जेवू घातल्याशिवाय सोडणार नाही, मी ओळखते तिला.

तेव्हा पुस्तिका राहू दे बाजूला. रविवारी सकाळची गाडी कुडाळला दहाला येते, मी स्टँडवर येऊन उभी राहीन. मुलांना आणू नको, एकटी ये. आणि पुढच्या महिन्यात बघू असं म्हणू नको, बाय माझी. ह्याच रविवारी ये.